वडोद्याची धारासभा : सुधारणा आणि सत्ता

राज्यकारभार उत्तम चालला म्हणजे लोकांचे राज्य आले, असा समज पुष्कळदा होतो. वस्तुतः ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. वडोदे संस्थानाच्या इतिहासात हा भेद फार स्पष्ट दिसतो.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक मुलगा १८७५ साली गायकवाडांच्या गादीवर दत्तक आला. तेच महाराज सयाजीराव. १८८१ साली पूर्ण अधिकार हाती आल्यावर त्यांनी कारभाराची घडीच बदलली. १८९३ साली अमरेली भागात सुरू केलेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण त्यांनी १९०६ साली सर्व संस्थानास लागू केले. विख्यात अर्थशास्त्रज्ञ रमेशचंद्र दत्त १९०४ साली वडोद्यास आले. त्यांच्या काळात न्यायदान आणि महसूल ही कामे निरनिराळ्या अधिकाऱ्यांकडे सोपविली गेली. ग्रामपंचायतींचे पुनरुज्जीवन झाले आणि १९०८ साली धारासभा स्थापन झाली.

ब्रिटिश मुलखालाही हेवा वाटावा अशा ह्या सुधारणा होत्या. परंतु धारासभेत चर्चा होई, प्रश्न विचारले जात. अखेरचा शब्द मात्र महाराजांचाच असे. जे आज्ञेने मिळाले, ते आज्ञेने काढूनही घेता आले असते. म्हणूनच १९१६ साली स्थापन झालेल्या प्रजामंडळाने पुढे जबाबदार राज्यपद्धतीची मागणी केली. सुराज्य असतानाही स्वराज्य मागण्यात कृतघ्नता नव्हती. शाळेत शिकलेल्या प्रजेने विचारलेला तो स्वाभाविक प्रश्न होता. सयाजीराव १९३९ साली निवर्तले आणि १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

स्वित्झर्लंडमधील ग्लारुस परगण्यात नागरिक दरवर्षी चौकात जमतात आणि हात वर करून कायदे व कराचे दरही ठरवितात. तेथे प्रतिनिधीच्या जागी नागरिक स्वतःच उभा असतो. आपल्याकडे त्याच्या जवळची संस्था म्हणजे ग्रामसभा. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने तिला घटनेत स्थान दिले आणि गावातील प्रत्येक मतदार तिचा सभासद झाला.

धारासभेच्या सभासदाला जो अधिकार महाराजांकडून मिळे, तो आता गावकऱ्याला राज्यघटनेच्या आधाराने मिळाला आहे. परंतु सभेच्या दिवशी तो घरीच बसला, तर निर्णय पुन्हा चार माणसांच्याच हाती राहील. आणि त्याचा दोष त्याला कोणत्याही महाराजांवर ठेवता येणार नाही.