शिवण शिकली, पुढे काय? ताडकळसपासून सुरू होणारा एक संशोधनप्रश्न

समजा, तुम्ही विषय घेतलाय: ‘ताडकळसमधील एकल व गरजू महिलांचं शिवणकाम प्रशिक्षणातून आर्थिक सक्षमीकरण’. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातलं हे गाव. आता बहुतेक जण काय करतात? किती जणींनी कोर्स केला, किती जणींना प्रमाणपत्र मिळालं, हे मोजतात आणि निष्कर्ष लिहून मोकळे होतात. इथेच गडबड होते. का, ते समजायला थोडं मागे जाऊ.

महाराष्ट्रात शिवणवर्गाची गोष्ट विधवांच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळातल्या निराधार मुली-बायकांना त्यांनी केडगावला आसरा दिला आणि कामधंदेही शिकवले. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं, तिथेही शिवण-भरतकामाचे वर्ग होते. शिवणच का? कारण ते घरात बसून करता येतं, त्याला समाजाची फारशी हरकत नसते. हीच या कामाची ताकद आणि हीच मर्यादा. घरात होणारं काम ‘काम’ म्हणून मोजलंच जात नाही.

पण थांबा. पुण्याचा इतिहास जसाच्या तसा ताडकळसला लावता येणार नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. सरकारी कारभाराची भाषा उर्दू. त्या काळात शिरायचं असेल तर उर्दू वाचता यायला हवं, नाहीतर वाचून देणारा माणूस हवा.

शिवाय इथे शिवणकाम हा शिंपी समाजाचा परंपरागत व्यवसाय. संत नामदेव याच समाजातले, आणि त्यांचं नाव ज्या गावाशी जोडलं जातं ते नरसी १९९९ मध्ये हिंगोली वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं. दुकान पुरुषाच्या नावावर असेल, तर घरातल्या बाईनं केलेलं काज-बटण, तुरपाई कोणाच्या हिशेबात धरायची? म्हणजे बाईला शिवण ‘शिकवली’ एवढं म्हणून भागत नाही. काही घरांत ती आधीपासून येतच असेल, फक्त तिचे पैसे तिच्या हातात नसतील.

स्वातंत्र्यानंतर शासन यात उतरलं. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ आलं, १९७५ मध्ये महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम). १९९२ मध्ये नाबार्डनं बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. त्यात प्रशिक्षणासोबत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि कमी व्याजाचं कर्ज मिळतं. बघा, आश्रयाकडून भांडवलाकडे असा हा प्रवास आहे. नुसत्या कौशल्यानं भागत नाही, हे धोरणालाही मान्य करावं लागलं.

मग आपल्या प्रश्नावलीत काय हवं? मशीन कोणाच्या नावावर आहे? ते बिघडलं तर दुरुस्तीला कुठे न्यावं लागतं? एका ब्लाऊजची शिलाई कोण ठरवतं? शेजारणीकडची उधारी कशी वसूल होते? लग्नसराईत किती काम मिळतं आणि पेरणीच्या दिवसांत किती? गाव सोडून ऊसतोडीला जावं लागलं तर मशीनचं काय होतं? आलेला पैसा कोण ठेवतं आणि कोण खर्च करतं?

एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. प्रमाणपत्र ही नोंद संस्थेनं तयार केलेली असते. तिच्यावरून संस्थेनं काय केलं ते कळतं. बाईचं काय झालं, हे तिच्या उधारीच्या वहीत सापडेल. वही नसेल तर तिलाच विचारा, आणि कोर्स संपल्याच्या दुसऱ्या दिवशी नाही, दोन-तीन वर्षांनी विचारा. ज्यांनी शिवण सोडली त्यांनाही शोधा. त्यांना वगळलं, तर आपला प्रबंध म्हणजे संस्थेच्या अहवालाचीच दुसरी प्रत होईल.