विकथेच्या खात्यातली पुस्तकं

पाठशाळेत आम्हाला चार विकथा पाठ करायला लावत: स्त्रीकथा, भोजनकथा, देशकथा आणि राजकथा. मन धर्मापासून दूर नेणाऱ्या या गप्पा श्रावकांनी टाळाव्यात, अशी शिकवण. बेळगावातल्या ज्या जैन घरांत मी वाढले आणि पुढे नांदले, तिथे प्रेमाची कादंबरी सरळ पहिल्या खात्यात जमा होत असे. दुपारी माझ्या हातात पुस्तक दिसलं की सासूबाई म्हणायच्या, “झाली का विकथा सुरू?” बाहेर सोप्यावर मामंजी रोज सकाळी दोन तास वर्तमानपत्र वाचायचे. म्हणजे देशकथा आणि राजकथा, दोन्ही एका बैठकीत. त्यांना कुणी काही म्हणायचं नाही.

हा हिशेब मला कधी पटला नाही. तो का पटू नये, याचं उत्तर आपल्याच ग्रंथभांडारात आहे.

प्राकृतातली एक फार जुनी प्रेमकथा म्हणजे पादलिप्तसूरींची ‘तरंगवती’. पादलिप्तसूरींचं नाव परंपरेने प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन दरबाराशी जोडलं जातं. मूळ ग्रंथ हरवला. त्याचा संक्षेप ‘तरंगलोला’ या नावाने सोळाशेहून अधिक गाथांमध्ये शिल्लक आहे. एर्न्स्ट लॉयमान या जर्मन विद्वानाने १९२१ साली त्याचं जर्मन भाषांतर काढलं आणि त्याला ‘साध्वी’ अशा अर्थाचं नाव दिलं. नाव अगदी बरोबर आहे, कारण ही प्रेमकथा सांगते ती एक साध्वीच.

ती भिक्षेसाठी एका श्रीमंत घरी येते. घरातली बाई तिचं रूप पाहून चकित होते आणि विचारते, तुम्ही कोण, कुठल्या, हा मार्ग का धरला? मग साध्वी आपली हकिकत सांगू लागते. कौशांबीच्या एका श्रेष्ठीची ती लाडकी लेक. एकदा उद्यानात चक्रवाक पक्ष्यांची जोडी बघून तिला मागचा जन्म आठवतो. त्या जन्मी ती चक्रवाकी होती. हत्तीवर सोडलेला व्याधाचा बाण तिच्या जोडीदाराला लागला. पश्चात्ताप झालेल्या व्याधाने त्या पक्ष्याला अग्नी दिला आणि तिने त्याच चितेत उडी घेतली. आता तो कुठे जन्मला असेल? तरंगवती रडत बसत नाही. ती सगळी कथा चित्रपटांवर रंगवते आणि कौमुदी उत्सवाच्या रात्री ती चित्रं लोकांना दिसतील अशी मांडते. मैत्रीण पहाऱ्याला बसते. येणारेजाणारे बघतात, वाहवा करतात, पुढे जातात. एक तरुण मात्र बघता बघता मूर्च्छित होतो. तोच तो, पद्मदेव.

मुलाकडून मागणी येते आणि मुलीचे वडील नकार देतात. कारण ऐकण्यासारखं आहे: हे घर तांड्यांबरोबर फिरणाऱ्या व्यापाऱ्यांचं, नवरा सदा प्रवासात, माझी मुलगी वाट बघत आयुष्य काढील. आपण व्यापारी समाजातल्या बायका हे वाक्य वाचून क्षणभर थांबतोच. दुकान, पेढी, खरेदीचे दौरे यांत कुणाच्या आज्यांचं आयुष्य गेलं नाही? तरीही दोघं रात्री नावेतून पळून जातात. चोर त्यांना पकडतात, देवीपुढे बळी द्यायचं ठरतं, आणि तिचा विलाप ऐकून द्रवलेला एक चोर त्यांना सोडतो. घरचे माफ करतात, लग्न होतं. पुढे एका मुनींची गाठ पडते. ते मुनी म्हणजे तोच चोर, आणि मागच्या जन्मीचा तोच व्याध. त्यांची कथा ऐकून दोघंही दीक्षा घेतात.

ग्रंथ श्वेतांबर परंपरेतला आहे, आम्ही दिगंबर. पण चांगल्या गोष्टीला पंथ कशाला आडवा आणायचा? मला विशेष वाटतं ते असं की दीक्षा घेतलेली बाई आपलं प्रेम सांगताना कुठेही खाली मान घालत नाही. ‘मी चुकले’ असं म्हणत नाही. प्रेम तिला नीट आठवतं, आणि ती ते परक्या घराच्या दारात सांगते.

‘वसुदेवहिंडी’चा पुढचा खंड रचणाऱ्या धर्मसेनगणींनी तर कारणच देऊन टाकलं आहे. त्यांचं म्हणणं साधारण असं: लोकांना शृंगाराच्या कथांची गोडी लागली आहे, धर्म कडू लागतो, मग वैद्य जसं रोग्याला आवडणाऱ्या पेयातून औषध देतो, तसा मी शृंगारकथेच्या मिषाने धर्म सांगेन. आठव्या शतकात हरिभद्रसूरी कथांचे चार प्रकार सांगतात: अर्थकथा, कामकथा, धर्मकथा आणि संकीर्णकथा. त्यांत कामकथेला रीतसर जागा आहे.

अर्थात सगळ्याच जैन कथाकारांचा बाईच्या प्रेमाकडे बघण्याचा डोळा एकसारखा नव्हता. आमच्या भागातल्या कन्नड बोलणाऱ्या जैन बायकांना जन्न कवीचं ‘यशोधरचरिते’ (१२०९) ऐकून माहीत असतं. त्यातली राणी अमृतमती रात्री एका माहुताचं गाणं ऐकते आणि त्या कुरूप माणसावर भुलते, राजाला विष घालण्यापर्यंत जाते. मोठं काव्य आहे, वाद नाही. पण अमृतमतीला त्या गाण्यात काय ऐकू आलं, हे तिच्या तोंडून आपल्याला कळत नाही. तरंगवती आणि अमृतमती यांच्यामधला फरक मला हाच दिसतो: एकीची गोष्ट तिने सांगितली, दुसरीची इतरांनी. पुढे कुठलीही प्रेमकथा हातात घेतली की मी पहिल्यांदा तेवढंच बघते.

आपल्याकडे तर या साहित्यप्रकाराचं नावच एका प्रेयसीचं आहे. बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या संस्कृत कथेची नायिका कादंबरी. तिच्या नावावरून मराठीत ‘कादंबरी’ आणि कन्नडमध्येही ‘कादंबरी’. सीमाभागात भाषेवरून एवढं रामायण झालं, पण हा शब्द दोन्हीकडे एकच.

मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते ती ‘यमुनापर्यटन’, १८५७ सालची. लिहिणारे बाबा पदमनजी जन्माने बेळगावचे. ख्रिस्ती झालेला माणूस, हेतू सुधारणेचा. हिंदू विधवांचे हाल ठिकठिकाणी फिरून दाखवलेले. प्रेम तिथे दुय्यम आहे, पण नवरा-बायको एकत्र प्रवास करतात आणि एकमेकांशी बोलतात, हेच त्या काळी पुष्कळ होतं. त्यानंतर ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ असल्या राजवाडे, वेषांतरं आणि योगायोगांच्या कादंबऱ्या आल्या. त्यांवर मी वेळ घालवणार नाही. मग हरिभाऊ आपट्यांची यमू आली, ‘पण लक्ष्यात कोण घेतो’ मधली. लिहिणारा पुरुष, पण ‘मी’ म्हणून बोलते ती यमूच. नवऱ्याशी जुळत चाललेलं नातं, थोडंसं सुख, मग वैधव्य. तरंगवतीनंतर इतक्या शतकांनी एक बाई पुन्हा आपलं सुखदुःख स्वतः सांगत होती असं मला वाटतं, आणि तिचं सांगणं संपतं ते केशवपनापाशी.

आता कोल्हापूर. राजाराम कॉलेजात एकाच काळात दोन प्राध्यापक होते. एक ना. सी. फडके, मराठी प्रणयकादंबरीचे सम्राट, ‘जादूगार’ आणि ‘दौलत’वाले, शिकवायचे तत्त्वज्ञान. दुसरे डॉ. आ. ने. उपाध्ये, आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याचे, शिकवायचे अर्धमागधी. कोल्हापुरात, बेळगावात तरुण मुली फडक्यांच्या कादंबऱ्यांवर उड्या टाकत होत्या, तेव्हा उपाध्ये जुनी हस्तलिखितं ताडून महाराष्ट्री प्राकृतातली ‘लीलावई’ संपादित करत होते. ती १९४९ साली छापून आली. तीही प्रेमकथाच! स्टाफरूममध्ये दोघांचं यावर कधी बोलणं झालं असेल का, असं मला फार वाटतं.

फडक्यांची नायिका शिकलेली, मोकळी, देखणी. पण ती आपल्याला बहुतेक बाहेरून दिसते, समोरच्या खुर्चीवरून बघितल्यासारखी. १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं आणि पुढच्याच वर्षी ‘हिंदोळ्यावर’. नवऱ्यापासून वेगळी राहणारी बाई प्रेम करते, मूल हवं म्हणते. गहजब झाला. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांना आपलं नाव लपवावं लागलं यातच सगळं आलं.

आमच्या पिढीने वाचलं ते मात्र वाचनालयातून आणलेलं: योगिनी जोगळेकर, कुमुदिनी रांगणेकर, शैलजा राजे, शकुंतला गोगटे, सुमती क्षेत्रमाडे. समीक्षक या नावांवरून पटकन पुढे जातात. पण पाठीमागचा चिकटवलेला कागद तारखांच्या शिक्क्यांनी भरून गेलेला असायचा आणि पानांना हळदीची बोटं लागलेली असायची. कॉलेजात इंग्रजी मिल्स अँड बून आलं. लंडनमध्ये १९०८ साली निघालेली ही प्रकाशनसंस्था सुरुवातीला सगळ्या प्रकारची पुस्तकं काढायची, १९३०च्या दशकात ती प्रेमकथांकडे वळली. त्या पुस्तकांतला नायक उंच, श्रीमंत आणि तुसडा. शेवटच्या दहा पानांत तो सुधारायचा. तेव्हा मला ते खरं वाटायचं; लग्नानंतर वाटेनासं झालं.

हल्ली मुलगी आणि सून जे वाचतात ते मीही वाचते. ज्युलिया क्विनचं ‘द ड्यूक अँड आय’ (२०००) घ्या. इंग्लंडातला दोनशे वर्षांपूर्वीचा उमराव समाज, नाच, पोशाख, स्थळं बघणं. स्थळं बघण्याचा भाग वाचताना आपल्या वधूवर मेळाव्याचीच आठवण येते, हसू आवरत नाही. पण नवरा नशेत असताना, त्याची इच्छा नाही हे माहीत असून, नायिका मूल व्हावं म्हणून वागते, तिथे माझं मन उतरलं. बाईची संमती विचारायला आपण शिकलो, तर पुरुषाचीही विचारायला नको?

रेबेका यॅरोसचं ‘फोर्थ विंग’ (२०२३) ड्रॅगनवर बसून लढणाऱ्यांचं. नायिका नाजूक हाडांची. तिला ग्रंथालयात काम करायचं असतं, पण आई तिला सैनिकी विद्यालयात ढकलते. मारामाऱ्या फार आहेत, अहिंसावाल्यांनी पानं उलटत जावीत. तरी एक गोष्ट मला आवडली. तिचा ड्रॅगन आणि नायकाची ड्रॅगन मादी यांची जोडी आहे. त्यांना फार दिवस वेगळं राहवत नाही, म्हणून या दोघांनाही राहता येत नाही. सून म्हणाली, “आई, किती नवीन कल्पना आहे ना!” मी तिला चक्रवाकांची गोष्ट सांगितली.

सोनाली देव मुंबईत वाढलेल्या, अमेरिकेत राहणाऱ्या लेखिका. त्यांचं ‘अ बॉलिवुड अफेअर’ (२०१४) मला या सगळ्यांत जवळचं वाटलं. राजस्थानातली मिली चार वर्षांची असताना तिचं लग्न लागलं. वीस वर्षं ती न पाहिलेल्या नवऱ्याची वाट बघते आणि त्याच्या लायक व्हायचं म्हणून अमेरिकेत शिकायला जाते. तिची सही घ्यायला दीर येतो आणि गोष्ट वेगळीच वळते. हलकंफुलकं पुस्तक आहे, पण यमूचं बालपण त्यात आहे. फक्त हिला शिकायला मिळालं आणि विमानात बसायला मिळालं.

अमेरिकेत प्रणयकादंबरीचा एक पक्का नियम धरतात: शेवट समाधानाचा हवा. त्या नियमाने कॉलीन हूव्हरच्या ‘इट एन्ड्स विथ अस’ (२०१६) वरून पुष्कळ वाद झाला. नवरा हात उगारतो. तो वाईटच आहे असंही नाही, आणि हेच कठीण. मुलगी झाल्यावर नायिका त्याच्यापासून वेगळी होते. आमच्या महिला मंडळात यावर बोलताना सुधा मूर्तींची ‘महाश्वेता’ निघाली. मूळ कन्नड कादंबरी, मराठीतही पुष्कळ वाचली गेलेली. त्यातली अनुपमा बाणभट्टाच्याच कथेतली महाश्वेता रंगमंचावर करते. पुढे अंगावर कोड आलं म्हणून सासर तिला टाकतं. ती मुंबईत नोकरी करून उभी राहते. परत न्यायला आलेल्या नवऱ्याला नकार देते, आणि चांगल्या मनाचा दुसरा माणूस लग्नाचं विचारतो, त्यालाही नाही म्हणते.

मंडळात दोन तट पडले. एक वैनी म्हणाल्या, “नवऱ्याला नाही म्हणाली ते ठीक, पण त्या दुसऱ्या डॉक्टरला का नको? एकटीने काय म्हणून राहायचं?” सत्तरी ओलांडलेल्या एक आक्का, ज्यांनी एवढ्या वर्षांत मंडळात स्तवनाखेरीज तोंड उघडलं नव्हतं, त्या म्हणाल्या, “तिला कुणीतरी विचारलं, आणि तिला नाही म्हणता आलं. आम्हाला कोण विचारलं होतं?” मग त्यांनी आपल्या लग्नाची गोष्ट सांगितली, अर्धी कन्नडात, अर्धी मराठीत. दिवेलागण झाली तरी कुणी उठलं नाही.