२३ डिसेंबर १९५२ : अटलांटिकमध्ये ६५ दिवस

फ्रेंच डॉक्टर अलँ बोंबार यांनी हवा भरलेल्या रबरी होडीतून एकट्याने अटलांटिक ओलांडून १९५२ साली आजच्या दिवशी बार्बाडोस गाठले. १९ ऑक्टोबरला ते कॅनरी बेटांवरील लास पाल्मासहून निघाले होते.

जहाज बुडाल्यावर अनेक जण तहानभुकेच्या आधी भीतीने आणि निराशेने मरतात, असे त्यांचे म्हणणे होते. ते पटवून देण्यासाठी मासे, माशांचा पिळून काढलेला रस, प्लवक, पावसाचे पाणी आणि थोडेथोडे समुद्राचे पाणी यांवर त्यांनी गुजराण केली.

पण त्यांचाही धीर खचला. जुलाबांनी अंगातले त्राण गेले आणि डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांनी मृत्युपत्र लिहून ठेवले. ५३व्या दिवशी ‘अराकाका’ हे जहाज भेटले, तेव्हा आपला रेखांशाचा हिशेब सुमारे ६०० मैलांनी चुकल्याचे त्यांना कळले. जमीन अजून बरीच लांब होती. जहाजावर जेवण करून ते पुन्हा होडीत उतरले. किनाऱ्याला लागले तेव्हा त्यांचे वजन सुमारे २५ किलोंनी घटले होते.

त्यांचा खाऱ्या पाण्याचा सल्ला मात्र टिकला नाही. जर्मन डॉक्टर हान्नेस लिंडेमान यांनी १९५५ आणि १९५६ मध्ये छोट्या होड्यांतून अटलांटिक पार केला आणि तो सल्ला धोकादायक ठरवला. समुद्रात अडकलेल्यांनी खारे पाणी पिऊ नये, असेच आज सांगितले जाते. मनोबलाचे महत्त्व मात्र लिंडेमान यांनीही मान्य केले.