नीलम नमुने, मूळ खडकातील

नीलमाचा स्फटिक ज्या खडकात तयार झाला, त्या खडकाच्या तुकड्यासह जपलेला खनिज-नमुना. नीलम हे कुरुविंद (ॲल्युमिनियम ऑक्साइड) या खनिजाचे रत्नरूप असून त्याची कठिनता ९ व वि. गु. सुमारे ४ असते. निळा रंग लोह व टायटॅनियम यांच्या अल्पांशामुळे येतो. जवाहिऱ्याला पैलू हवे असतात. संग्राहकाला न घासलेल्या कडा आणि खडकात रुतलेले बूड.

असे नमुने दुर्मिळ असण्याचे कारण साधे आहे. बाजारातला बराचसा नीलम मूळ खडकातून काढलेला नसतो. श्रीलंकेच्या रत्नपुरा भागात तो ‘इल्लम’ या गोट्या-वाळूच्या थरातून धुऊन काढतात. मूळ खडक केव्हाच झिजून गेलेला, नीलम तेवढा कठीणपणामुळे टिकलेला. काश्मीरच्या पाडर भागात सुमजामजवळ, सुमारे ४,५०० मी. उंचीवर, १८८१च्या सुमारास दरड कोसळून नीलम उघडे पडले. तेथील पेग्मटाइटातील फेल्स्पार बराचसा कुजून केओलिनची पांढरी माती झाला होता. त्यामुळे स्फटिक सुटे निघत. उत्तम माल १८८७पर्यंत जवळजवळ संपला आणि खडक राखून ठेवण्यात तेव्हा कुणाला रस असणार? अमेरिकेतील मोंटाना राज्यात योगो गल्च येथे १८९५मध्ये नीलम ओळखले गेले. तेथे ते काळपट लॅम्प्रोफायर खडकाच्या लांबलचक भित्तीत असतात. स्फटिक लहान, चपटे, रंग मात्र एकसारखा निळा. खाणवाले हा खडक उन्हापावसात पसरून त्याचा भुगा होऊ देत. संग्राहकाला हवे तेच त्यांच्या दृष्टीने अडचणीचे होते.

पुणे-नाशिककडील झिओलाइटांची सवय झालेल्या डोळ्यांना हे नमुने ओबडधोबड वाटतात. बेसाल्टच्या पोकळीत त्यांच्यासोबतच्या ॲपोफिलाइटला वाढायला मोकळी जागा मिळते, म्हणून तो खडकावर सुबक उभा राहतो. नीलम सहसा भरीव खडकाच्या आतच वाढतो. त्याला उघडा करण्यासाठी भोवतीचा खडक बारीक छिन्नीने कोरावा लागतो. खडक संगमरवर असेल तर सौम्य आम्लाने विरघळवता येतो, कारण कुरुविंदावर त्याचा परिणाम होत नाही. कोरणे हा दोष नव्हे, पण विक्रेत्याने ते सांगायला हवे.

खरी फसवणूक चिकटवण्यात होते. नदीतला सुटा स्फटिक खडकाच्या खळग्यात बसवतात आणि फट डिंक व दगडाच्या भुकटीने बुजवतात. भिंगाखाली पाहावे: अस्सल नमुन्यात खडकाचे कण स्फटिकाला थेट भिडलेले, काही वेळा त्याच्या आत शिरलेले दिसतात. अनेक डिंक जंबुपार प्रकाशात पांढुरके चमकतात, ॲसिटोनने मऊ पडतात. झिजलेल्या, गोलसर कडांचा स्फटिक ताज्या फुटीच्या खडकात बसलेला असेल, तर तो तेथला नाही. गारगोटीवर बसलेला नीलम कुणी दाखवला, तर हात आखडता घ्यावा. सिलिका मुबलक असेल तेथे ॲल्युमिनियम फेल्स्पारसारख्या सिलिकेटांत अडकते, कुरुविंदासाठी सुटे उरत नाही.

रंग सुधारण्यासाठी रत्ने १,५००° से.च्या वर तापवतात. बहुतेक खडक एवढ्या उष्णतेत धड राहत नाहीत, म्हणून अस्सल बैठकीतला नीलम न तापवलेला असण्याची शक्यता बरीच असते. काश्मिरी स्फटिकावरचा केओलिनचा लेप घासून काढू नये. नमुन्याच्या उगमाचा तो एक पुरावा असतो. खाणीचे नाव लिहिलेली जुनी चिठ्ठीही नमुन्यासोबतच ठेवतात, कारण ती हरवली की किंमत उतरते.