गिल्ट, मुलामा आणि पैठणीचा पदर

‘पितळ उघडे पडणे’ या वाक्प्रचारात एक जुना व्यवहार दडलेला आहे. वरचा सोनेरी थर झिजला, की आतला धातू साक्ष देऊ लागतो.

इंग्रजीत अशा थराला ‘गिल्ट’ म्हणतात. ‘गिल्ड’, म्हणजे सोन्याने मढवणे, या क्रियापदाचे हे रूप. ते क्रियापद जुन्या इंग्रजीत ‘गोल्ड’पासूनच घडले, स्वर तेवढा बदलला. अपराधभावनेच्या ‘गिल्ट’शी त्याचे नाते केवळ उच्चारापुरते. ‘गोल्ड’च्याही मागे पिवळेपणा आणि झळाळी सुचवणारे एक प्राचीन मूळ मानले जाते. संस्कृतातील ‘हिरण्य’ त्याच कुळातले, आणि ‘हरि’ या रंगवाचक शब्दामार्गे ‘हरिद्रा’, म्हणजे आपली हळदही. भंडाऱ्याने न्हालेल्या गडाला भाविक ‘सोन्याची जेजुरी’ म्हणतात, ते भाषेच्या दृष्टीनेही फारसे चुकत नाहीत!

‘मुलामा’ मात्र अरबी. त्याच्या मुळाशी ‘चमकणे’ हा अर्थ आहे, सोन्याचा उल्लेखही नाही. म्हणून मराठीत मुलामा चांदीचाही असतो आणि शब्दांचाही. इंग्रजी ‘गिल्ट’चे मराठीत ‘गिलीट’ झाले. हिंदीत तर ‘गिलट’ म्हणजे चांदीसारखा दिसणारा स्वस्त पांढरा धातू. शब्द उरला, सोने गळून गेले.

सोने चढवण्याची जुनी रीत पाऱ्याची. सोने पाऱ्यात विरघळवून तो लेप धातूवर लावीत आणि तापवीत. पारा उडून जाई, सोने राही. ती वाफ कारागिराच्या शरीरात भिनून हात कापू लागत. १८४० साली इंग्लंडमध्ये एल्किंग्टन यांनी विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, तेव्हापासून ही रीत मागे पडू लागली.

सर्वच मुलामा मात्र फसवा नव्हे. पैठण-येवल्याच्या पैठणीत वापरली जाणारी अस्सल जर हीसुद्धा मुलाम्याचीच. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवून ती तापवीत, ठोकीत आणि एकाहून एक बारीक छिद्रांतून ओढीत. तार केसासारखी होई, तरी सोने तिची साथ सोडीत नसे. मग ती चपटी करून रेशमावर गुंडाळीत. येथे सोन्याखाली पितळ नव्हते, चांदी होती, आणि विकणारा व घेणारा दोघांनाही ते ठाऊक होते.

हा प्रामाणिकपणाच त्या वस्त्रांच्या मुळावर आला. अडचणीच्या दिवसांत जुन्या पैठण्या मोडीत निघाल्या. रेशीम जाळून व्यापाऱ्यांनी चांदी-सोने वेगळे केले. कित्येक पिढ्यांची वीण अशी भट्टीत गेली. आज स्वस्त साड्यांच्या जरीत प्लास्टिकच्या फितीवर धातूचा सूक्ष्म थर असतो. तिला मोडीच्या बाजारात कोणी विचारत नाही.