निवृत्तीचं वय आणि महर्षी कर्वे

पेन्शन, पीएफ, मेडिक्लेम यांचा हिशोब बहुतेकांचा तयार असतो. पण "निवृत्तीनंतर सकाळी उठून काय करणार?" असं विचारलं की उत्तर येत नाही. याचं मूळ इतिहासात आहे.

जर्मनीत बिस्मार्क यांच्या काळात, १८८९ साली, कामगारांसाठी वृद्धापकाळ विम्याचा कायदा झाला. पेन्शनचं वय होतं ७०. ते ६५ झालं १९१६ मध्ये. सत्तरी गाठणारे कामगार थोडेच, तेही थकलेले. त्यामुळे कायद्याने पोटाची सोय पाहिली. दिवस कसा घालवायचा हा प्रश्नच नव्हता. गंमत म्हणजे तेव्हा ७४ वर्षांचे बिस्मार्क स्वतः मात्र चॅन्सेलरपदावर होते!

आपल्याकडे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय १९६२ मध्ये ५५ वरून ५८ आणि १९९८ मध्ये ६० झालं. आज साठी गाठलेला भारतीय सरासरी आणखी १८ वर्षं जगतो. म्हणजे नोकरीच्या निम्म्याएवढा काळ हाती उरतो.

हा काळ कसा वापरता येतो? धोंडो केशव कर्वे १९१४ मध्ये, ५६ व्या वर्षी, फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले. दोनच वर्षांत त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. ७१ व्या वर्षी ते परदेश दौऱ्यावर गेले, १९३६ मध्ये खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणाचं काम हाती घेतलं आणि शंभराव्या वर्षी भारतरत्न झाले. ते १०४ वर्षं जगले. याचं श्रेय कामालाच देणं, एका उदाहरणावरून, डॉक्टर म्हणून मला जमणार नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या: विधवांसाठीचा त्यांचा आश्रम १८९६ चा. दुसऱ्या डावाची तयारी निवृत्तीच्या १८ वर्षं आधीच सुरू झाली होती.

निवृत्तीनंतर ऑफिससोबत चालणं, ठरलेलं जेवण, गप्पा सगळंच सुटतं. मग झोप बिघडते, वजन आणि साखर वाढते, चिडचिड होते. कधीकधी उदासीनता आजाराच्या पातळीवर जाते. तेव्हा "वयामुळे होतं" म्हणून सोडू नका, डॉक्टरांना भेटा.

म्हणून पन्नाशीतच सुरुवात करा. रोजचं चालणं आणि स्नायूंचा व्यायाम, ऑफिसबाहेरचे मित्र, आणि जिथे आठवड्यातून दोन तास आपली कुणीतरी वाट पाहील असं एखादं काम. शिवाय घरात जोडीदाराशीही बोलून घ्या. तुमची निवृत्ती त्यांचाही दिनक्रम बदलणार आहे.