ससा नावाचे दोन प्राणी

कन्हानला दुपारी खाणीत सुरुंग उडतो तेव्हा आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात. आम्हाला त्याची इतकी सवय झालीय की बोलणंही थांबत नाही. मागच्या हिवाळ्यात एक शेजारी बदली होऊन गेले आणि जाताना त्यांचा पांढरा ससा आम्हाला देऊन गेले. पहिल्याच दुपारी सुरुंग उडाला, आणि ससा जो झाकून ठेवलेल्या कूलरमागे शिरला तो शिरलाच.

मी त्याला ओढून बाहेर काढलं, मांडीवर घेतलं, कुरवाळलं. तो गप्प बसून राहिला. मला वाटलं, शांत झाला. सोडल्याबरोबर पुन्हा कूलरमागे. असं तीनदा झालं. रात्री बघितलं तर गवत जसंच्या तसं, आणि एकही लेंडी नाही. आई म्हणाली, "भूक लागली का खाईन तो आपोआप." पशुवैद्यांना फोन केला तर त्यांचं म्हणणं वेगळं होतं. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं; दिवसभर खाल्लं नाही तर ते थांबतं आणि जनावर हातचं जातं. "त्याला उचलू नका, लपायला जागा द्या. उद्या दुपारपर्यंत नाही खाल्लं तर घेऊन या."

झोप लागेना, कारण एक ससा माझ्या हातून आधीच गेलेला होता. मी आठ वर्षांचा असताना पारशिवनीकडे आजोबांच्या शेतात गहू कापताना आम्हा पोट्ट्यांना सशाचं पिल्लू सापडलं. आई टाकून गेली असं समजून आम्ही ते खोक्यात घातलं, वाटीत दूध ठेवलं. सकाळी ते मेलेलं होतं. आजोबा म्हणाले, ससा भीतीनेच मरतो. त्या रात्री मी फोनवर वाचत बसलो ते हीच भीती कुठून आली हे शोधायला. पण पहिली गोष्ट कळली ती अशी, की ते पिल्लू आणि कूलरमागचा हा, दोघे वेगळेच प्राणी आहेत.

शेतातला तो रानससा. बीळ खणत नाही, गवतात खळगी करून दबून बसतो, आणि वेळ आली की नुसता पळतो. त्याचं पिल्लू अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येतं. आई दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळी येऊन दूध पाजते आणि बाकीचा वेळ मुद्दाम लांब राहते. म्हणजे आमचं पिल्लू अनाथ नव्हतंच. (रानससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, हेही तेव्हा घरात कोणाला ठाऊक नव्हतं.) पाळीव ससा मुळात स्पेन-पोर्तुगाल आणि दक्षिण फ्रान्सकडचा. तो कळपाने बिळांत राहतो, आणि त्याची पिल्लं उघडी, आंधळी, जमिनीखाली जन्मतात. आपल्या जुन्या गोष्टींतले ससे सगळे रानससे आहेत. धरणी फाटतेय म्हणून पळत सुटणारा जातकातला, सिंहाला विहिरीत पाडणारा पंचतंत्रातला, चंद्राला शशांक हे नाव देणारा, कोणालाच बीळ नाही. कन्हानच्या बाजारात ज्याला खरगोश म्हणतात, म्हणजे फारसीत गाढवाच्या कानांचा, त्या शब्दातही दोघे एकत्रच. यात आपलीच चूक असंही नाही. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात शेतीवर लिहिणारा रोमन लेखक व्हॅरो यानेही बिळातल्या स्पॅनिश सशाला रानसशाचीच एक जात म्हणून मोजलंय.

रोमन लोक दोघांनाही भिंतीच्या आवारात खाण्यासाठी ठेवत. पुढे पाळीव ससा कसा झाला याची एक ठरलेली गोष्ट पुस्तकांत सापडते: इसवी सन ६०० च्या सुमारास पोप ग्रेगरी यांनी सशाची नवजात पिल्लं मासे समजून उपासाला खायला परवानगी दिली, म्हणून फ्रान्सच्या मठांत ससे पाळले जाऊ लागले. २०१८ साली ऑक्सफर्डच्या ग्रेगर लार्सन यांच्या गटाने या फर्मानाचा मूळ कागद शोधला. तो नव्हताच! टूर्सचा ग्रेगरी नावाच्या दुसऱ्याच माणसाने, उपासाच्या दिवसांत ससे खाणाऱ्या एका आजारी सरदाराबद्दल लिहिलं होतं, आणि नावाच्या घोळातून पोप मध्ये आले. लार्सन स्वतः ही गोष्ट आधी सांगत असत. त्यांच्या गटाचं म्हणणं असं, की ससा पाळीव झाल्याची एक तारीख नाहीच. रोमन आवारं, मध्ययुगातली राखीव बिळं, मग पिंजरे, आणि अलीकडच्या दोन-तीन शतकांत लाडाचं जनावर, असं ते हळूहळू होत गेलं.

मग भीतीचं काय झालं? २०१४ साली 'सायन्स'मध्ये रानटी आणि पाळीव सशांच्या जनुकांची तुलना छापून आली. मला वाटलं होतं, भीतीचं एखादं जनुक बंद पडलेलं सापडेल. तसं काही नव्हतं. मेंदू आणि मज्जासंस्थेच्या वाढीशी जोडलेल्या कितीतरी जागी बारीक बारीक फरक होते, तेही बहुतेक जनुकं कधी, किती चालू व्हावीत हे ठरवणाऱ्या भागात. माझ्या धंद्याच्या भाषेत, कोड कोणी काढलेला नाही, फक्त कॉन्फिगरेशन बदललंय. २०१८ मध्ये आठ रानटी आणि आठ पाळीव सशांच्या मेंदूंचे एमआरआय केले गेले. पाळीव सशांत भीती हाताळणारा अमिग्डाला लहान होता, आणि भीतीला आवर घालणारा पुढचा भाग मोठा. लहान, म्हणजे गेलेला नाही. मांडीवर तो गप्प बसला होता तो शांत होऊन नव्हे, पकडलं गेल्यावर सशाने जसं थिजायचं असतं तसा थिजून.

माणसाच्या घरात ससा मोकळा ठेवायची कल्पना तर फारच नवी. अमेरिकेत हाऊस रॅबिट सोसायटी १९८८ साली सुरू झाली. त्याआधी बहुतेक ससे अंगणातल्या पिंजऱ्यातच असायचे. घरात बीळ नसतं, ते आपण द्यावं लागतं, एवढी साधी गोष्ट मी तोवर केलेली नव्हती.

मध्यरात्री उठून टीव्हीच्या खोक्याला दोन बाजूंनी दोन भोकं पाडली. दोन, कारण बिळाला बाहेर पडायची दुसरी वाट लागते. खोका कूलरला लावून ठेवला, आत वाळलेलं गवत, दाराशी कोथिंबीर. मी लांब फरशीवर लॅपटॉप घेऊन बसलो आणि त्याच्याकडे बघायचंही नाही असं ठरवलं. पहाटे डोळा लागला. आईने हलवून उठवलं तेव्हा कोथिंबीर संपलेली होती आणि खोक्याच्या तोंडाशी सहा लेंड्या पडल्या होत्या. आईने त्या मोजल्या, मग मीही मोजल्या.

आपण होऊन तो माझ्या पायाशी आला त्याला पुढे अठरा दिवस लागले. आता सुरुंग उडतो तेव्हा तो मागचा पाय फरशीवर आपटतो, बिळातल्या बाकीच्यांना सावध करायला आपटतात तसा, आणि खोक्यात शिरतो. थोड्या वेळाने दुसऱ्या भोकातून नाक दिसतं. आई म्हणते, "आपल्यालेच सांगते तो, लपा म्हणून."